संप डॉक्टरांचा, हाल रुग्णाचे

गिरणी बंद पडली की मालकाचा नफा बुडतो. सरकारी रुग्णालयाची ओपीडी बंद पडली तर सरकारच्या तिजोरीला तोशीस लागत नाही. केसपेपर हातात घेऊन परत फिरतो तो गरीब रुग्ण. डॉक्टरांच्या संपातला नैतिक पेच हाच आहे. ज्याच्याशी भांडण नाही, त्याच्याच हालांमुळे सरकारवर दबाव येतो.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात नातेवाइकांच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पाठोपाठ इतरत्रही हल्ले झाले आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ‘कारखान्यातल्या कामगारांसारखे वागता कसे? भीती वाटत असेल तर नोकरी सोडा,’ अशा आशयाच्या शब्दांत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना फटकारले. रुग्णालयांतल्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा २०१० पासून होता. तरीही अकराशे सुरक्षारक्षक देण्याचे सरकारने कबूल केले, ते वॉर्ड ओस पडल्यावरच.

जिवावर बेतले तरी रुग्णाशी द्रोह करू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला बजावले आहे. संपकऱ्यांना हे वचन सुनावणे सोपे आहे. पण रात्रभर जागलेल्या डॉक्टरच्या भरवशावर, पहाऱ्याविना अपघात विभाग चालवणे हा रुग्णाशी द्रोह नव्हे काय? आणि तो कोणाचा?

अर्थात, हा बचाव प्रत्येक संपाला लागू पडत नाही. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सरकारी आरोग्यविमा सुरू झाला आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप २३ दिवस चालला. काही नागरिकही डॉक्टरांच्या बाजूने रस्त्यावर उतरले. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले. अखेर समझोता झाला, विमा टिकला आणि पुढे देशभर पसरला. डॉक्टरांना आपल्या व्यवसायाच्या स्वातंत्र्याची काळजी होती, पण ज्याला फी परवडतच नव्हती त्या रुग्णाच्या पदरात या संपातून काहीच पडणार नव्हते. धुळ्यानंतरच्या आंदोलनाचे तसे नाही: सुरक्षित वॉर्ड रुग्णालाही हवाच असतो.

आपल्याकडे संप झाला की सरकार ‘मेस्मा’ची, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणाऱ्या कायद्याची, आठवण करून देते. विद्यावेतन, वसतिगृह, सुरक्षा या मागण्या मात्र दर संपात त्याच असतात. कॅनडातच ओंटारिओने २०१७ मध्ये वेगळी वाट धरली: डॉक्टरांच्या मोबदल्याची बोलणी फिसकटली तर लवाद निर्णय देतो आणि तो दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. महाराष्ट्र सरकारला डॉक्टरांचा संप बेकायदा ठरवायचा असेल, तर त्याने आधी असा लवाद नेमावा आणि त्याचा निकाल स्वतःही पाळावा.