ठेका आणि देखावा

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिदिन. नांदेड-लातूरकडच्या शाळांतून ध्वजवंदनानंतर संचलन होते, लेझीम होते. काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातील एका गावी अशाच लेझीम स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हांला बोलावणे आले. तेथे पडलेला प्रश्न अजून आमची पाठ सोडीत नाही.

एका शाळेने लेझमीतून भूकंप उभा केला. विसर्जनाची मिरवणूक, ढोल-ताशे, मग एकाएकी शांतता. मुले कोसळली, धूर सोडला गेला आणि धुरातून एक मुलगी पणती घेऊन उठली. प्रसंग खरा होता. १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकांहून परतून माणसे निजली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. सुमारे दहा हजार जीव गेले. प्रेक्षक हेलावले, आम्हीही हेलावलो. ठेका दोनदा तुटलेला आम्ही ऐकला होता. तरीही पहिला क्रमांक त्याच शाळेला दिला. निकालानंतर किल्लारीकडचे एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "फादर, आमचं मरण पोरांनी लई चांगलं दाखवलं. पण लेझीम कुठं होती?"

हा पेच केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत संचलन-वाद्यवृंदांच्या मोठ्या स्पर्धा होतात. त्यांतील कित्येक पथके कॅथलिक धर्मग्रामांतून जन्मली; न्यू जर्सीतील गारफील्डच्या होली नेम धर्मग्रामाचे पथक १९३४ सालचे. पूर्वी तेथे चुकीमागे गुण कापीत. १९८४ च्या सुमारास ती पद्धत गेली. आज शंभरांपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला असतात. मुले चुकीच्या धास्तीतून सुटली, हा लाभच. पण परिणामाला मोल आले की परिणाम घडविण्याची विद्याही वाढीस लागते.

मग साधेपणा तेवढा खरा आणि कल्पकता दांभिक, असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवली, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले. त्यांचा नातू तीच हलगी कला म्हणून रंगमंचावर नेत असेल, तर त्याला मिजास कोणी म्हणावे? उंच पाहणे हा दंभ नव्हे.

संत ऑगस्टीन आपल्या 'कन्फेशन्स'मध्ये कबूल करतात की, गीताच्या आशयापेक्षा गायनानेच मन अधिक हलले, तर ते त्यांना पाप वाटते. तरीही त्यांनी गायन वर्ज्य मानले नाही. परिवर्तनाच्या दिवसांत गाळलेले अश्रू त्यांना आठवत होते. आमच्या बाबतीत उलटे घडले. आशयाने आम्ही असे भारावलो की, वादन ऐकूनही न ऐकल्यासारखे केले. दंभाचे घर तेथे आहे: दुसऱ्याचे दुःख आपल्या उणिवेवर पांघरूण म्हणून ओढून घेण्यात. त्यात दुःखाचाही मान राहत नाही आणि कलेचाही.

दोष मुलांचा नव्हता. वडीलधारे ज्याला गुण देतात, तेच मुले शिकतात.

त्या दिवशी दुसऱ्या एका शाळेची मुले साध्या गणवेशात आली होती. ना धूर, ना पणती. पण अखेरपर्यंत एकही लेझीम मागे पडली नाही. निकाल ऐकून त्यांनी विजेत्यांसाठी टाळ्या वाजवल्या. त्या मुलांना आम्ही काय शिकवले, याचे उत्तर आम्हांला अजून द्यायचे आहे.