पस्तीस सेकंदांचा इन्साफ

घरच्या संगणकावर विमान उडवण्याचा छंद आता जुना झाला आहे. मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर' 1982 साली आला. तेव्हापासून कितीतरी माणसे खुर्चीवरून न उठता आकाशात भराऱ्या घेत आली आहेत. वाऱ्याची दिशा, उंचीचा काटा, धावपट्टीची लांबी हे सारे ती मनापासून शिकतात. मग त्यांच्यात आणि खऱ्या वैमानिकात फरक तो कोणता?

नक्कल म्हणजे खोटेपणा, असे आम्हाला वाटत नाही. एडविन लिंक या अमेरिकी माणसाने 1929 साली, ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातले भाते वापरून, जमिनीवरच डोलणारे सरावाचे विमान तयार केले. आजही मुरलेले कॅप्टन ठराविक काळाने सिम्युलेटरमध्ये बसतात, कारण इंजिन बंद पाडून पाहण्याचा सराव प्रवासी घेऊन करता येत नाही. चूक करण्याची मुभा देणारी ती शाळाच आहे.

फरक आहे तो अमानतीचा. खेळात विमान कोसळले, तर एक कळ दाबून पुन्हा सुरुवात करता येते. खऱ्या विमानात पाठीमागे बसलेले जीव वैमानिकाच्या हवाली केलेले असतात आणि तिथे दुसरी संधी नसते.

15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या विमानावर हंसांचा थवा आदळला. सुमारे 2,800 फुटांवर दोन्ही इंजिनांची ताकद गेली. कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवले आणि 155 जणांचे प्राण वाचले. पुढे चौकशीत सिम्युलेटरवर तोच प्रसंग उभा केला गेला. पक्षी आदळताच विमान वळवले, तेव्हा काही वैमानिक धावपट्टीवर सुखरूप पोहोचले. मग नदीत उतरणे चुकीचे होते काय? पण या वैमानिकांना काय घडणार हे आधीच ठाऊक होते. काय झाले ते उमजायला आणि फैसला करायला लागणारी 35 सेकंदे मोजून प्रयोग केला, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोहोचले नाही. चौकशी मंडळाने कॅप्टनचा निर्णय योग्य ठरवला.

ही 35 सेकंदे आम्हाला फार मोलाची वाटतात. उत्तरपत्रिका तपासताना आम्हा शिक्षकांच्या हाती आदर्श उत्तरे असतात, विद्यार्थ्याच्या हाती मात्र फक्त प्रश्न असतो. घर मोडलेली लेक, धंद्यात बुडालेला भाऊ, आईला इस्पितळात न्यायला उशीर झालेला मुलगा यांच्याविषयी मोहल्ल्यात बसून आम्ही किती झटपट निकाल देतो! शेवट कळल्यावर रस्ता सर्वांनाच दिसतो.

सिम्युलेटरचा छंद जरूर असावा. त्याने हुनर वाढतो. पण दुसऱ्याच्या आयुष्याचा हिशेब मांडताना आपण सुरक्षित खुर्चीत बसलो आहोत, याचे भान ठेवावे आणि त्याची 35 सेकंदे त्याच्या पदरात टाकावीत. त्यावाचून इन्साफ पुरा होत नाही.