घर सोबत असलेला मुसाफिर

"सर, घरच संगात लेके फिरे तो उसकू मुसाफिर कैसा बोलना?"

मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी येऊन सातवीतल्या एका मुलाने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही तिघे शिक्षक एकमेकांकडे पाहत राहिलो. आदल्या दिवशी शाळेच्या मैदानाबाहेर येऊन थांबलेल्या गाडीवरून त्याला तो सुचला होता. प्रश्न फिकहचा होता, म्हणजे शरीयतच्या बारकाव्यांचा होता, आणि आमच्यापैकी कोणालाच त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. बी.एड.च्या अभ्यासक्रमात मुलांच्या प्रश्नांना कसे उत्तेजन द्यावे यावर एक पूर्ण प्रकरण होते. उत्तर येत नसेल तर काय करावे, हे त्यात नव्हते. आम्ही त्याला "उद्या सांगतो" म्हणालो.

ही गोष्ट मार्च २०१६ ची. तो उन्हाळा मराठवाड्यात कोणी विसरणार नाही. आमच्या कळंबपासून जवळच असलेले धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, नदीच्या पात्रात गुरे उभी राहत होती, आणि पुढच्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. शाळा सकाळची झाली होती. शाळेच्या टाकीत आठ दिवसांनी टँकर पाणी टाकून जाई आणि आम्ही मुलांना घरून बाटली भरून आणायला सांगत असू.

अशा दिवसांत तो आला. पन्नाशी ओलांडलेला, एकटा. टेंपो ट्रॅव्हलरच्या आतली आसने काढून त्याने तिचे घर केले होते. घडीचा पलंग, गॅसची छोटी शेगडी, टपावर सोलरची पाटी, पाण्याची टाकी. मुले सुट्टी झाली की गाडीत चढत, एकेक खण उघडून पाहत, आणि तो त्यांना पाहू देई. आम्हालाही त्याने सांगितले. हिवाळा जैसलमेरकडे वाळवंटात काढला होता. येताना परांड्याचा किल्ला पाहिला, तेरला त्रिविक्रमाचे मंदिर, गोरोबाकाकांचे गाव आणि लामतुरे यांचा वस्तुसंग्रह पाहिला, आता नळदुर्ग पाहून पुढे जाणार. पाहण्याचे सगळे झाले होते. मग तो म्हणाला, वाळवंटात संध्याकाळी शेगडी पेटवली की कुठून तरी एखादा मेंढपाळ येऊन बसायचा. भाषा नीट कळायची नाही, पण बसायचा. इकडे आल्यापासून कोणी बसले नाही.

त्याने दोन कॅन पाणी मागितले. आम्ही एक दिला. त्याने तक्रार केली नाही, "संध्याकाळी चहाला या" म्हणाला. गाडीसमोर त्याने घडीच्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकट्या माणसाने दोन खुर्च्या का बाळगाव्यात, हे त्या वेळी आमच्या मनात आले नाही.

आम्ही गेलो नाही. तो तीन रात्री राहिला, तिन्ही संध्याकाळी आम्ही त्या रस्त्याने गेलो, आणि दोन्हीपैकी एक खुर्ची रिकामी दिसली की मान खाली घालून पुढे सरकलो. एकाचे पेपर तपासायचे राहिले होते. दुसऱ्याच्या घरी पाहुणे होते. तिसरा खरे बोलला. म्हणाला, "कोण आहे, कुठला आहे, माहीत नाही. उद्या काही निघाले तर त्याच्याबरोबर बसलेल्यांत पहिले नाव कोणाचे येईल?" यावर कोणी काही बोलले नाही. वाचकांपैकी ज्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागेल त्यांचा आम्हाला हेवा वाटतो. बाकीच्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हे बोलणारा आमचा मित्रच दोन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी परजिल्ह्यात गेला होता. लॉजवाल्याने खोली दाखवली, भाडे सांगितले, रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतले आणि नाव वाचून झाल्यावर त्याला आठवले की खोली आधीच दिलेली आहे. त्या रात्री आमचा मित्र एस.टी. स्टँडच्या बाकावर झोपला. एकट्या मुसाफिराला दार बंद होणे म्हणजे काय, हे आमच्या तिघांत त्याला सगळ्यात जास्त माहीत होते. बसायला जाऊ नये, असेही सगळ्यात आधी तोच म्हणाला. यात आम्हाला विसंगती दिसत नाही. मार बसलेला माणूस जपूनच चालतो. पण हेही खरे की जपून चालणाऱ्यांच्या वस्तीत मुसाफिराला कोणी भेटत नाही.

आता मुलाचा प्रश्न. आम्ही तो मशिदीतल्या मौलाना साहेबांकडे नेला. ते हसतील असे वाटले होते. ते हसले नाहीत, विचारात पडले, आणि म्हणाले की हा प्रश्न जुनाच आहे, फक्त गाडीच्या जागी नाव होती. ज्या नावाड्याचे घरदार नावेवरच आहे, ज्याला किनाऱ्यावर दुसरे घर नाही, त्याने प्रवासाची नमाज कसर करावी की पूर्ण पढावी? बहुतेक इमामांनी त्याला मुसाफिर मानले. वाट ती वाट, ती चालणाऱ्याचे कष्ट तेच. इमाम अहमद इब्ने हंबल यांचे मत वेगळे. त्याचे घर आणि बायकामुले त्याच्याबरोबरच आहेत, तर तो आपल्या घरीच आहे, त्याला सवलत कशाची?

आम्ही या उत्तरावर बरेच दिवस बोलत राहिलो. इमाम अहमद यांच्या मतात नुसती नाव नाही, नावेवर बायकामुलेही आहेत. छप्पर, चूल आणि पाणी एवढ्यावर त्यांनी त्याला घरी असल्याचे ठरवले नाही. म्हणजे आमच्या मैदानाबाहेर थांबलेला तो माणूस दोन्ही मतांप्रमाणे मुसाफिरच ठरतो. त्याच्याजवळ शेगडी होती, तिच्यावरचा चहा दुसऱ्या कपात ओतायला माणूस नव्हता. अर्थात आम्ही काही मुफ्ती नाही. हे आमचे तिघांचे स्टाफरूममधले बोलणे, यावरून कोणी आपली नमाज ठरवू नये.

मुसाफिराचा हक्क आपल्याकडे फार वरचा मानला आहे. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ वाटेकरी सांगितले आहेत त्यांत शेवटचा इब्नुस्सबील, म्हणजे अक्षरशः वाटेचा मुलगा. घरी तो श्रीमंत असला तरी वाटेत अडला असेल तर त्याचा वाटा आहे. पाहुणचार तीन दिवस, त्यापुढे जे होईल ते सदका, असे हदीसमध्ये आले आहे, आणि यजमानाला अडचण होईपर्यंत पाहुण्याने मुक्काम करू नये हेही. पैसा, भाकरी, पाणी, निवारा, सगळ्याचा हिशेब आहे. पण ज्या मुसाफिराजवळ हे सगळे आहे त्याचे काय? त्याला आमच्याकडून फक्त अर्धा तास हवा होता. तो त्याचा हक्क होता की नुसती इच्छा?

आम्हाला इब्ने बतूता आठवतो. त्याचे नाव आमच्या मुलांना दौलताबादमुळे माहीत असते. मुहम्मद तुघलकाच्या काळात तो तिथे येऊन गेला, तिथल्या किल्ल्याचे, द्राक्षांचे आणि डाळिंबांचे त्याने वर्णन केले. पण आम्हाला आठवतो तो त्याच्या आधीचा, १३२५ मध्ये तँजियरहून हजला निघालेला एकवीस वर्षांचा पोरगा. सोबती नाही, काफिला नाही, एकटाच निघाला. वाटेत ताप आला तेव्हा पडू नये म्हणून पागोट्याच्या कापडाने त्याने स्वतःला खोगिराला बांधून घेतले. तेव्हा तो रडला नाही. रडला तो ट्यूनिसच्या वेशीवर. शहरातले लोक काफिल्याला सामोरे आले, ज्याला त्याला ओळखीचा भेटला, सलाम झाले, विचारपूस झाली, आणि याच्याशी कोणीच बोलले नाही. तापाने जे झाले नाही ते एका न मिळालेल्या सलामाने झाले. मग काफिल्यातला एक हाजी त्याच्याजवळ आला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. पुढे पाऊणशे हजार मैलांच्या आसपास फिरल्याचे ज्याच्याबद्दल सांगतात, त्याने ही गोष्ट अनेक वर्षांनी आठवणीने लिहवून घेतली. एवढ्या वर्षांत ती त्याच्या मनातून गेली नव्हती. सलाम हक्कात मोडतो की नाही, याचे उत्तर आम्हाला इथे मिळते असे वाटते.

पाण्याची टंचाई हे आमचे दुसरे कारण. एक कॅन दिला तेव्हा ते खरेही होते. पण विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाने १९५९ च्या 'अरेबियन सँड्स' मध्ये लिहिलेला एक प्रसंग आम्ही मागाहून वाचला. अरबस्तानातल्या रुब अल खालीच्या वाळवंटात अनेक दिवसांच्या उपासमारीनंतर त्याच्या बदू सोबत्यांना एक ससा मिळतो. तो शिजत असताना तीन अनोळखी अरब येऊन थडकतात. बदू सगळा ससा पाहुण्यांपुढे ठेवतात आणि तुम्ही आमचे पाहुणे आहात असे म्हणत स्वतः खायला नकार देतात. थेसिजर प्रामाणिक माणूस. इतरांबरोबर आपणही पाहुण्यांचे स्वागत केले, पण मनात त्यांच्या जिवावर उठलो होतो, असे तो कबूल करतो. आम्ही थेसिजरच्याही मागे पडलो. त्याने निदान स्वागत तरी केले होते.

अशा गाड्यांतून एकटे फिरणाऱ्यांचे मोठे जग अमेरिकेत आहे, हे आम्हाला २०२० च्या 'नोमॅडलँड' चित्रपटावरून कळले. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. घराचे हप्ते आणि भाडे न परवडल्याने म्हातारपणी गाडीत राहायला गेलेली माणसे, हंगामी कामे करत फिरणारी. आमच्या भागात ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांना पाहिलेल्याला यात नवल वाटू नये. फरक एवढाच की आमचे कोयते जोडीने जातात आणि ते एकेकटे. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचे लहानसे गाव आहे. हिवाळ्यात त्याच्या भोवतीच्या सरकारी जमिनीवर अशा गाड्या येऊन थांबतात. २०१० मध्ये बॉब वेल्स यांनी तिथे अशा लोकांचा मेळा सुरू केला, काही डझन माणसांचा मेळा पुढे हजारोंवर गेला. घर, शेगडी, पाणी, सगळे ज्यांच्या गाडीत आहे ती माणसे दरवर्षी शेकडो मैल चालवत एका शेकोटीभोवती बसायला येतात. गाडीत जे मावत नाही ते घ्यायला येतात, असे आम्हाला वाटते.

त्या गावाच्या कबरस्तानात पिरॅमिडच्या आकाराची एक कबर आहे, तिच्या टोकावर उंट. ती हाजी अलीची. अमेरिकी लष्कराने वाळवंटात वाहतुकीसाठी उंट आणून पाहिले, त्या उंटांबरोबर १८५६ मध्ये तो उस्मानी मुलखातून तिकडे गेला. प्रयोग बंद पडला, उंट विकले गेले, काही सोडून दिले गेले. हाजी अली तिथेच राहिला आणि १९०२ मध्ये वारला. लोकांना त्याचे नाव उच्चारता येईना, त्यांनी त्याचे 'हाय जॉली' केले. नाव मोडले, पण माणूस आपला मानला. १९३५ मध्ये त्याच्या कबरीवर स्मारक उभे राहिले आणि त्यावर तेच मोडके नाव कोरले गेले. आम्हाला नावाचे उच्चार नीट येतात. नाव विचारण्याचे धाडस मात्र झाले नाही.

आषाढात शेगावची पालखी कळंबहून जाते तेव्हा आम्हीही रस्त्यावर पाणी वाटायला उभे राहतो. मोहल्ल्यातली पोरे पिंप भरतात, वारकरी "माऊली" म्हणून पेला घेतात आणि पुढे जातात. त्यात आम्हाला कधी भीती वाटली नाही. ते हजारो असतात, आम्ही पन्नास असतो, कोणी कोणासमोर बसत नाही. एकट्यासमोर बसायचे तर आपल्यालाही एकट्याने बसावे लागते. 'आम्ही' हा शब्द फार सोयीचा आहे. या लेखातही तो आम्ही सोयीसाठीच वापरला, कारण खुर्ची एकच रिकामी होती आणि जायचे तर कोणा एकालाच जायचे होते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या पुढे वाढतील. वीज कुठे, पाणी कुठे, सांडपाण्याचे काय, हे सगळे धोरणात बसते.

मागच्या ईदला तो सातवीतला मुलगा गळाभेटीला आला. आता लातूरला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आहे. बोलता बोलता त्या गाडीचा विषय निघाला. तेव्हा तो सहज म्हणाला की शेवटच्या संध्याकाळी तो त्या खुर्चीवर जाऊन बसला होता. चहा प्याला. त्या माणसाने त्याला आपले नाव सांगितले आणि ते उर्दूत कसे लिहितात असे विचारले. मुलाने वहीचे पान फाडून लिहून दिले. एक अक्षर चुकले होते, ते खोडून पुन्हा लिहिले. माणसाने पान घडी करून पाकिटात ठेवले.

"त्याचे नाव काय होते?" हे आमच्या तिघांच्याही ओठांवर आले होते. शीरखुर्म्याच्या वाट्या आल्या, आणि मग ते विचारायचे राहूनच गेले.