मे महिन्यातील पाहुणे

शाळांना सुट्टी लागली की आमच्या घरात कसाऱ्याच्या गाड्यांची चौकशी सुरू होते. आमचे मामा तरुणपणी शिक्षक म्हणून शहापूर तालुक्यात गेले आणि किन्हवलीच्या पुढे थोडी भातजमीन घेऊन तेथेच स्थायिक झाले. पुढे मावशीलाही त्यांनी जवळच, सरळगावच्या बाजूला, म्हणजे मुरबाड तालुक्यात दिली. त्यामुळे आसनगाव स्टेशनवर उतरायचे, एसटीने मामांकडे जायचे, आठवडाभराने दुसऱ्या एसटीने मावशीकडे आणि मग कल्याणमार्गे मुंबईला परत, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम ठरून गेला आहे.

तेथे जाऊन करावयाच्या गोष्टीही ठरलेल्या. पहाटे अंगणातून माहुलीचे सुळके उजळताना पाहावयाचे. करवंदांच्या जाळीत हात खरचटून घ्यावयाचे. रायवळ आंबे पाण्याच्या बादलीत टाकून ठेवावयाचे आणि दुपारी ओटीवर बसून चोखावयाचे. मावशीकडे गेल्यावर काकांच्या तोंडून सिद्धगडाची हकिकत ऐकावयाची. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना तेथे २ जानेवारी १९४३ रोजी वीरमरण आले; ती कथा काका दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी त्याच ठिकाणी त्यांचा आवाज जड होतो. संध्याकाळी अंगणात रोझरी. शेजारची ठाकर मंडळीही कुंपणापाशी येऊन शांतपणे बसतात आणि ती संपली की भाताच्या, बैलांच्या गोष्टी सुरू होतात. आणि सर्वांत प्रिय म्हणजे आंघोळ! मागच्या पडवीत दगडावर बसून, पिंपातले गार पाणी तांब्यामागून तांब्या डोक्यावर घेत राहणे. मुंबईच्या न्हाणीघरात ते सुख नाही.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात या सुखाचा उलगडा झाला. उकाड्याने झोप येईना म्हणून आम्ही रात्री दोनच्या सुमारास अंगणात आलो, तो मामी आणि सूनबाई डोक्यावर हंडे घेऊन फाटकातून आत येत होत्या. गावची विहीर एप्रिलमध्येच आटली होती. टँकर यायचा त्या दिवशी यायचा. बाकीचे पाणी ओहोळाच्या कोरड्या पात्रात खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने भरावे लागे, आणि दिवसा तेथे गर्दी म्हणून त्या रात्री जात. त्यांची तिसरी खेप चालली होती. आमच्या घरची सहा माणसे आणि कॅनडाहून आलेली चुलतबहिणीची दोन मुले, असे आठ जण आम्ही रोज दोनदा आंघोळ करीत होतो.

मामींनी आम्हांला पाहिले आणि हंडा उतरविता उतरविता, आमचीच समजूत काढावी तशा स्वरात म्हणाल्या, "झोप लागत नाही का? पंखा वर आणून देऊ?"

शहापूर हा धरणांचा तालुका. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवितो. भातसा त्याच तालुक्यातला आणि मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे. म्हणजे वर्षभर नळातून आमच्या घरी येणारे पाणी मामींच्या तालुक्यातले, आणि सुट्टीत पंधरा दिवस आम्ही त्यांच्या डोक्यावरचे पाणीही संपवून येतो. धरणाच्या न्यायान्यायाचा प्रश्न मोठा आहे. तो शासनाने, महापालिकेने आणि मतदारांनी सोडवावयाचा आहे, आणि त्या मतदारांत आम्हीही येतो. परंतु पडवीतल्या त्या पिंपाचा प्रश्न आमचा एकट्याचा होता. ज्या गोष्टी करण्यासाठी आम्ही मोठ्या हौसेने जातो, त्या कोणाच्या श्रमावर उभ्या आहेत हे न विचारता आप्तांकडे राहणे, याला प्रेम म्हणावयाचे की केवळ हक्क गाजविणे?

पुढच्या वर्षी आम्ही शहाणपणा केला. जाताना पाण्याच्या मोठ्या बाटल्यांचे खोके, डाळ-तांदूळ, बिस्किटे, इतकेच काय, कापलेली कोंबडीही बर्फात घालून नेली. मामांनी सामान उतरवून घेतले आणि ते काही बोलले नाहीत. मामी मात्र खोक्यांकडे पाहत राहिल्या. "आमच्या घरचं पाणी तुम्हांला आता चालत नाही का?" एवढेच त्यांनी विचारले. त्या रात्री त्यांनी अंड्यावरची कोंबडी कापली. आमची कोंबडी शेजाऱ्यांकडे गेली.

तेव्हा आम्हांला कळले की पाहुण्याने हिशोब मांडणे हाही एक अपमानच असतो. गरीब घरालासुद्धा देण्याचा अधिकार असतो, आणि तो काढून घेणारा माणूस कितीही भल्या हेतूने आला असला तरी यजमानाला लहान करून जातो. प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना गावोगावी पाठविले तेव्हा, ज्या घरात उतराल तेथेच राहा आणि पुढे वाढतील ते खा, असे सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. शिदोरी बरोबर घेऊ देण्याचे त्याने कटाक्षाने टाळले. मामी शुभवर्तमान फारसे वाचत नाहीत, पण त्यांचे मत हेच.

मग करावे काय? घेतले तर भार, न घेतले तर अपमान.

आपल्या धर्मपरंपरेत यजमानाला उपदेश भरपूर आहे. अब्राहामाने मम्रेच्या झाडाखाली तीन अनोळखी माणसांना थांबवून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, (त्या मेजवानीचे पीठ तंबूत सारा मळत होती, हे मात्र आपण पटकन विसरतो.) संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या ५३ व्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्त समजून स्वागत करावे असे घालून दिले. पाहुण्याने कसे वागावे हे मात्र थोडक्यात सांगितले जाते. 'दिदाखे' या आद्य ख्रिस्ती ग्रंथात एक व्यवहारी नियम सापडतो: वाटसरू आला तर त्याला दोन किंवा तीन दिवस ठेवून घ्यावे, त्याहून अधिक राहावयाचे असेल तर त्याने काम करून खावे. आपल्याकडची म्हणही तीन दिवसांचीच आहे. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. फरक इतकाच, की म्हण तिसऱ्या दिवशी पाहुण्याला घालवून देते आणि 'दिदाखे' त्याच्या हाती काम देते.

पण नात्यातल्या भेटीचे उत्तम उदाहरण आपण रोझरीच्या दुसऱ्या आनंदाच्या रहस्यात म्हणतो. पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात आपल्या नातलगाकडे, एलिझाबेथकडे गेली. ती केव्हा गेली हे पाहण्यासारखे आहे. एलिझाबेथला सहावा महिना होता, वय झालेले होते, पती मुका झालेला होता; मरियेने स्वतःची सोय पाहिली असती तर ती त्या वेळी घराबाहेर पडली नसती. ती सुमारे तीन महिने राहिली. त्या तीन महिन्यांत तिने काय काय केले हे शुभवर्तमानकार लिहीत नाही. ज्या घरात उतारवयातले बाळंतपण जवळ आले आहे तेथे कोणती कामे असतात हे वाचकांना सांगावे लागत नाही, असे त्याला वाटले असावे. या भेटीचा सण आता ३१ मे रोजी येतो. १९६९ च्या दिनदर्शिकेतील बदलापूर्वी तो २ जुलैला असे. शहापूर-मुरबाडचा विचार केला तर जुनी तारीखच आम्हांला अधिक योग्य वाटते. मे अखेर तेथे पाहुणा नको असतो. जुलैच्या आरंभी आवणी असते आणि प्रत्येक घर माणसांची वाट पाहत असते.

आम्ही दोन वर्षांपूर्वीपासून जुलैत जाऊ लागलो. रजा मिळणे कठीण, मुलांच्या शाळा बुडतात, आणि सुखसोहळ्याची यादी बरीचशी गळून पडली. आंबे संपलेले, करवंदे संपलेली, माहुली ढगात. त्याच दिवसांत शहरातल्या मोटारींच्या रांगा सरळगाव-टोकावड्यावरून माळशेजच्या धबधब्यांकडे जात असतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसे कमरेत वाकून रोपे लावीत असतात. आम्ही पूर्वी त्या मोटारींतून कौतुकाने हात हलविला आहे.

आवणीत आम्ही निरुपयोगी ठरलो हे कबूल केले पाहिजे. पहिल्या दिवशी आमची लावणी मामांनी संध्याकाळी गुपचूप उपटून पुन्हा लावली. कॅनडाच्या मुलांना तेथे जुलै-ऑगस्टचीच सुट्टी असते, म्हणून तीही त्या वर्षी आली होती. त्यांना चिखल फार आवडला, पाठ दुखू लागल्यावर आवडेनासा झाला. पण थोरल्याने रोपांच्या मुठी राबावरून शेतात वाहून नेण्याचे काम धरले आणि ते शेवटपर्यंत सोडले नाही. दुपारी बांधावर तांदळाची भाकरी, सुकट आणि शेवळाची भाजी. शेवळे घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडे घालतात, हे आम्हांला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते; मे महिन्यात शेवळे नसतातच. रात्री आंघोळीला पाणी हवे तितके. विहीर काठोकाठ भरलेली.

यात ढोंगाचा धोका आहे, हे आम्हांला दिसते. दोन दिवस चिखलात उभे राहून, फोटो काढून, आपण मामांच्या श्रमांत सहभागी झालो असे समजणे हीदेखील शहरी माणसाची एक करमणूकच. मजुरी वाचते ती किती? आमच्या जेवणाइतकीही नसेल. शिवाय मे महिन्यातली पडवी, आंबे आणि रिकामी दुपार यांची आठवण आम्हांला अजून येते, आणि मुले तर उघड कुरकुर करतात. त्यांना आम्ही उपदेश केलेला नाही. केवळ, पिंप भरायला रात्री उठावयाचे असेल तर मे महिन्यातही जाऊ, असे सांगितले. धाकटी तयार झाली आहे. थोरल्यांचा विचार चालू आहे.

यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मामींचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे काहीही मागितले नव्हते. खुशाली झाली, पाऊस कसा आहे ते झाले, आणि मग त्या म्हणाल्या, "औंदा मजूर मिळत नाहीत. येणार असाल तर दोन दिवस आधी या, आणि त्या कॅनडावाल्यालाही घेऊन या, त्याला मुठी वाहता येतात. आणि हो, येताना सुकट आणा. इथली चांगली नाही."