स्वभावाला औषध आहे



‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्या तोंडी इतकी बसली आहे, की ती खरी का, हे आपण विचारतच नाही. नातू उशिरा उठतो, म्हणून तो तामसी. सून एकाच वेळी चार कामं काढते, म्हणून ती राजसी. आणि आपण? आपण रोज पोथी वाचतो, म्हणजे सात्त्विकच! शिक्का मारला की त्या माणसाकडे पुन्हा पाहायचं कारणच उरत नाही.

परदेशात ‘एनिअग्राम’ नावाची पद्धत आहे. नऊ टोकांची आकृती आणि माणसाचे नऊ स्वभाव. दक्षिण अमेरिकेत ऑस्कर इचाझो यांनी १९७० च्या सुमारास ती शिकवली. आपण कुठं अडकतो ते ओळखावं आणि तिथून सुटावं, हा तिचा हेतू. पण ‘मी अमुक नंबरचा’ म्हणून तिथंच मुक्काम ठोकला, तर रोगाचं नाव कळलं, औषध राहिलंच.

आपल्या पवनारचे विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. चौदाव्या अध्यायात विनोबा तिन्ही गुणांची लक्षणं सांगून थांबले नाहीत, प्रत्येकावर उपायही सांगितला. तमोगुणाचा आळस शरीरश्रमानं घालवावा. रजोगुणाची धावपळ स्वधर्माच्या मर्यादेत आणावी. आणि सत्त्वगुणाचा अभिमानही सोडावा. चांगुलपणा इतका अंगवळणी पडावा, की त्याचं आपल्यालाच कौतुक वाटू नये.

मंडळी, हा तिसरा उपाय आपल्यासाठी आहे. सात दिवसांचं गुरुचरित्राचं पारायण झालं, की ‘मी केलं’ हे किती जणांना सांगावंसं वाटतं, ते ज्यानं त्यानं पाहावं.

कोणी म्हणेल, सत्तरीत आता काय बदलणार? पण गीताच सांगते, की हे गुण आळीपाळीनं एकमेकांवर मात करतात. कोणताही एक गुण कायमचा मालक नाही. सकाळी न उठणारा तोच नातू महाप्रसादाच्या पंगतीत रात्री उशिरापर्यंत वाढत असतो. तेव्हा तो तामसी कसा?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत, त्यांत अजगरही आहे. आपण त्याला आळशी म्हटलं असतं. अवधूतानं मिळेल त्यात समाधान मानणं त्याच्याकडून घेतलं. कबुतराकडून अति मोह टाळायला शिकला. ‘हा कसा आहे’ यापेक्षा ‘मी यातून काय घेऊ’ हे त्यानं पाहिलं.

यंदाच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला एवढं करून पाहू. गुणांची नावं फक्त स्वतःसाठी वापरायची. रात्री अंथरुणावर पडलं, की आज आपल्यावर कोणत्या गुणाची सत्ता होती ते आठवायचं आणि उद्यासाठी त्याचा उपाय ठरवायचा. घरातल्यांना मात्र त्यांच्या नावानंच हाक मारायची.

श्री गुरुदेव दत्त.