यादीतलं पिस्तूल

न्यायालयाने वय विचारलं. मुलगा म्हणाला, नववं लागलंय. कामधंदा? काही नाही, कधीकधी धुराडी झाडतो. आईबाप? मेले.

ही लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातली डिसेंबर १७८३ची नोंद. मुलाचं नाव जॉन हडसन. एका घरात शिरून चोरी केल्याचा आरोप. टेबलावर काजळीने माखलेल्या पायाच्या बोटांचे ठसे सापडले होते. शिक्षा झाली सात वर्षं समुद्रापार धाडण्याची.

ही नोंद मराठीत आणताना भाषेने फारसं अडवलं नाही. 'नववं लागलंय' तर आयतंच हाती आलं. मी अडखळले चोरीच्या यादीपाशी. लिननचा एक सदरा, पाच रेशमी मोजे, दोन एप्रन आणि एक पिस्तूल. पहिल्या खर्ड्यात मी पिस्तूल गाळलं. संक्षेप केला, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण मला ठाऊक होतं. सदरा नि मोजे चोरणाऱ्या पोरासाठी वाचकाचा जीव तुटतो. पिस्तूल आलं की तो क्षणभर थबकतो. तो थबकायला नको होता मला.

पण मग ही करुणा कसली? 'क्षुल्लक चोरीसाठी एवढी शिक्षा' असं हळहळताना आपण नकळत एक सौदा मान्य करतो: चोरी मोठी असती तर चाललं असतं. नऊ वर्षांच्या मुलावरचा अन्याय सिद्ध करायला आधी त्याचा गुन्हा लहान करावा लागत असेल, तर आपणही त्याच तराजूने मोजतो आहोत.

गंमत अशी की, न्यायाधीश निर्दय नव्हता. मुलाच्या कबुलीवर फार विसंबू नये, असं त्याने ज्यूरीला बजावलं. घरफोडी सिद्ध धरली गेली नाही, फक्त चोरी. म्हणून फास टळला. अशा मुलाला विनाशातून ओढून काढावं असं वाटतं, नाहीतर वाईट माणसं त्याला घरं लुटायला पुन्हा वापरतील, असं तो म्हणाला. निदान बरोबर होतं. पण ती वाईट माणसं पिंजऱ्यात नव्हती. ज्याला वापरलं गेलं, तोच उभा होता. आणि त्याला वाचवणं म्हणजे त्याला नजरेआड करणं, एवढाच मार्ग त्या दयेला सुचला.

आधी त्याला अमेरिकेकडे निघालेल्या जहाजावर चढवलं; त्यावर बंड झालं, तो पुन्हा पकडला गेला. मग गलबतावरची कैद. जानेवारी १७८८ मध्ये पहिल्या ताफ्यातल्या 'फ्रेंडशिप' जहाजातून तो ऑस्ट्रेलियाला पोचला, तेव्हा तेरा वर्षांचा होता. पुढे नॉरफोक बेटावर, १७९१ मध्ये, रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडला म्हणून त्याला पन्नास फटके मारले. सात वर्षं तोवर भरून गेली होती.

या शिक्षेचं इंग्रजी नाव शब्दशः घेतलं तर 'वाहतूक' एवढंच आहे. मराठीत 'काळं पाणी' तयारच होतं. पण अंदमानमुळे त्या शब्दाला आपल्याकडे हौतात्म्याचं तेज आहे. जॉनने कुठल्या देशासाठी काही केलं नव्हतं. तो शब्द मी वापरला नाही. मुलाला निष्पाप करायचं नव्हतं, तसं हुतात्माही करायचं नव्हतं.

हा प्रश्न मागे पडलेला नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात मात्र आपण काय करतो आहोत हे समजण्याइतकी जाण त्याला आली होती का, हे पाहायचं, असं भारतीय दंड संहितेने १८६० मध्ये म्हटलं. २०२३च्या भारतीय न्याय संहितेत ती तरतूद कायम आहे. आज मुलांसाठी वेगळा कायदा आहे, वेगळं मंडळ आहे, हे खरंच मोठं अंतर. तरी विचारलं जातं ते हेच: त्याला समजत होतं का? मला वाटतं, जॉनला समजत असावं. चोरी म्हणजे काय हे आठ-नऊ वर्षांच्या पोराला कळतं. विचारायला हवं ते दुसरंच: त्याला नाही म्हणता आलं असतं का? आणि नाही म्हटल्यावर त्या रात्री तो झोपला कुठे असता?

शेवटच्या खर्ड्यात पिस्तूल परत घातलं आहे. वाचक थबकेल. थबकून पुढच्या ओळीवर यावं, एवढीच अपेक्षा: वय, नववं लागलंय.