देवांनी करविले, भरपाई माणसाने केली

यश आले की ‘आमचे कर्तृत्व’ आणि अंगाशी आले की ‘दैवाची खेळी’, हा हिशेब माणूस फार जुन्या काळापासून मांडत आला आहे. ग्रीक पुराणकथांत तर या पळवाटेला पुरेपूर वाव आहे. तिथले देव नुसते स्वर्गात बसून राहत नाहीत. ते रणांगणात उतरतात, बाजू घेतात, कुणाच्या मनात क्रोध घालतात तर कुणाच्या मनात मोह. मग प्रश्न पडतो : सूत्रे देवांच्या हाती असतील, तर पाप कोणाचे?

‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात अॅगमेम्नॉनशी भांडताना अकिलीस तलवार उपसू लागतो. तोच अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. ती इतर कुणालाच दिसत नाही. एवढी सामर्थ्यवान देवी, पण ती हुकूम सोडत नाही. ऐकणार असशील तर ऐक, अशा भाषेत त्याला आवरते. तलवार म्यान करण्याचा निर्णय शेवटी अकिलीसच घेतो.

याच भांडणाचा निकाल एकोणिसाव्या सर्गात लागतो. अॅगमेम्नॉन भरसभेत सांगतो की दोष आपला नव्हे. झ्यूसने, नियतीने आणि अंधारात वावरणाऱ्या सूडदेवतेने आपली बुद्धी फिरवली. आजच्या एखाद्या पुढाऱ्याचे निवेदनच जणू! परंतु तो तेवढ्यावर थांबत नाही. सात तिपाया, वीस हंडे, बारा घोडे, दहा टॅलंट सोने आणि अकिलीसकडून हिरावून नेलेली ब्रिसेइस, असे सारे तो त्याच्या हवाली करतो. (माणसांची गणना वस्तूंबरोबर होते, हे त्या काळाचे क्रौर्य नजरेआड करता येत नाही.) ई. आर. डॉड्स या अभ्यासकाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रसंगाची मीमांसा केली आहे. त्या काळचा न्याय हेतू पाहत नसे, कृत्य पाहत असे, असे त्याचे म्हणणे. देवाने करविले हे खरे मानले, तरी नुकसान ज्याच्या हातून झाले त्याला ते भरून द्यावेच लागे.

हेलनची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ट्रॉयच्या तटावर वृद्ध राजा प्रायम तिला जवळ बसवून घेतो आणि युद्धाचा दोष तिच्यावर न ठेवता देवांवर ठेवतो. हेलन मात्र स्वतःलाच दूषणे देते. पुढे इ. स. पू. ४१५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या युरिपिडीजच्या ‘ट्रोजन विमेन’ या नाटकात तीच हेलन प्रेमदेवतेकडे बोट दाखवते, तेव्हा प्रायमची विधवा हेक्युबा तिचा युक्तिवाद खोडून काढते : तुझ्या मनातल्या वासनेलाच तू देवीचे नाव दिलेस. युक्तिवाद तोच, पण ज्याचे घर जळायला आले आहे त्याने तो केला तर औदार्य, आणि आग लागायला जो कारण झाला त्याने केला तर पळवाट.

‘ओडिसी’च्या आरंभी खुद्द झ्यूसच तक्रार करतो की माणसे आपल्या दुःखांचे खापर देवांवर फोडतात, पण नशिबापलीकडची दुःखे ती आपल्या अविचाराने ओढवून घेतात. दाखला एजिस्थसचा. हर्मीसला धाडून देवांनी त्याला आधीच बजावले होते. तरीही त्याने अॅगमेम्नॉनची पत्नी आपलीशी केली, त्याला ठार मारले आणि अखेर ओरेस्टीसच्या हातून तो मेला.

आपल्या मराठीतही ‘मी केले’ आणि ‘माझ्या हातून घडले’ असे दोन प्रयोग आहेत. दुसऱ्यात करविता कुणी वेगळाच असल्याची सोय आहे. ती सोय वाईटच असे नाही. रागाच्या किंवा मोहाच्या क्षणी आपल्याला कुणीतरी ढकलत आहे, हा अनुभव खोटा नसतो. पण ‘माझ्या हातून घडले’ म्हणणाऱ्याने पुढे काय केले, हे विचारायला हवे. झ्यूसचे नाव घेऊनही अॅगमेम्नॉनने भरपाई मोजून दिली. आपण मात्र बहुधा देवाचे नाव तेवढे घेतो आणि भरपाईचे सोयीस्करपणे विसरतो.